नोंदवहीतली ‘किरकोळ’ खाज

जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ज्याचे उमेदीचे दिवस गेले, त्याला नोंदवही स्वप्नातही दिसते. तारीख, मालकाचे नाव, गाव, जनावर, रोग, उपचार असे तिचे रकाने. निवृत्त होताना मी माझ्या हाताने भरलेली शेवटची वही सहज चाळली. बैलांपुढे, म्हशींपुढे सविस्तर लिहिलेले. बकऱ्यांपुढे मात्र पानामागून पान एकच शब्द : ‘खाज, किरकोळ’, ‘सर्दी, किरकोळ’, ‘तोंडाला खपल्या, किरकोळ’. अक्षर माझेच. त्या शब्दाने पुढे मला बरीच वर्षे छळले आहे. का, ते सांगतो.

पुस्तकात शेळी म्हणतात, पण आमच्या वऱ्हाडात ती बकरीच. मीही तिला बकरीच म्हणणार आहे.

नव्वदच्या दशकाची अखेरची वर्षे. पूर्णेच्या काठच्या एका गावातून एक म्हातारी बाई दोरीला बकरी बांधून चार कोस चालत दवाखान्यात आली होती. हिवाळ्याची सकाळ, दवाखान्यात गर्दी, त्यात एका मोठ्या शेतकऱ्याची दुभती म्हैस अडलेली. बकरीच्या ओठांवर खपल्या होत्या, नाक जरा वाहत होते. मी उभ्या-उभ्या पाहिले आणि म्हणालो, “मावा आहे, आजी. किरकोळ आहे. लाल पोटॅशच्या पाण्याने तोंड धुवा, बोरोग्लिसरीन लावा. आपोआप बरी होईल.” म्हातारी हलेना. म्हणाली, “हे बकरी पंधरा दिवसापयले बाजारातून आणली जी. तिचं जाऊ द्या, ते तं खाऊन राह्यली. पन घरच्या साऱ्या बकऱ्या निंबाखाली गुमान बसल्या. रवंथ नाई करून राह्यल्या.” मी ऐकले, म्हणजे कानांवर पडले. म्हशीचा मालक दारात उभा होता. मी वहीत ‘मावा, किरकोळ’ लिहिले आणि म्हशीकडे गेलो.

सहा दिवसांनी त्याच गावचा कोतवाल सांगत आला. म्हातारीच्या अकरा बकऱ्यांपैकी सात गेल्या होत्या. मी पोहोचलो तेव्हा उरलेल्यांच्या डोळ्यांत चिपडे, नाकात घट्ट शेंबूड, तोंडाला दुर्गंधी, हिरड्यांवर कोंडा भुरभुरावा तसा पांढरट थर आणि मागचे पाय हगवणीने माखलेले. तो पीपीआर होता. बाजारातून आणलेली बकरी त्यातून वाचलेली होती. या रोगातून वाचलेल्या जनावराच्या ओठांवर अखेरीस ज्या खपल्या धरतात, त्या हुबेहूब माव्यासारख्या दिसतात. मी शेवटचा अंक पाहून नाटकाचे नाव सांगितले होते. म्हातारी मला पहिला अंक सांगत होती, आणि तो तिच्या घरी त्या क्षणी सुरू होता.

तिने मला दोष दिला नाही. “नशीब,” एवढेच म्हणाली. दोष दिला असता तर बरे वाटले असते.

आता थोडे या रोगाविषयी, कारण बकरीचे किरकोळ दुखणे ओळखायचे म्हणजे किरकोळ नसलेले आधी वेगळे काढता आले पाहिजे. पीपीआर हे एका फ्रेंच नावाचे लघुरूप. अर्थ असा की लहान रवंथी जनावरांची महामारी. १९४२ साली पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये त्याचे पहिले वर्णन झाले. भारतात तो १९८७ मध्ये तामिळनाडूत सापडला आणि काही वर्षे दक्षिणेतच राहिला. १९९४ नंतर वर सरकला. ज्या बुळकांडीने आपल्या आजोबांचे गोठे रिकामे केले तिच्या विषाणूचा हा भाऊबंद. बुळकांडी जगातून संपल्याचे २०११ साली जाहीर झाले. पीपीआरही २०३० पर्यंत संपवावा असे जागतिक संघटनांनी ठरवले आहे. भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या मुक्तेश्वर केंद्रात ‘सुंग्री ९६’ या वाणापासून बनवलेली लस आपल्याकडे वापरतात. एक टोचणी निदान तीन वर्षे पुरते. म्हातारीच्या वेळी ती आमच्या दवाखान्यात नव्हती. पण आजारी बकऱ्या वेगळ्या काढता आल्या असत्या, न्यूमोनियावर प्रतिजैविके देता आली असती, हगवणीत अंगातले पाणी टिकवता आले असते. सातच्या ठिकाणी तीन गेल्या असत्या असे मी मनाशी म्हणतो. खरे-खोटे कोण सांगणार?

मावा आणि पीपीआर यांतला फरक ओठांवर शोधू नये, हे मी त्या दिवशी शिकलो. माव्यात ताप बेताचा असतो किंवा नसतो, बकरी खायला बघते पण ओठ दुखतात म्हणून तोंड मागे घेते. नाकाडोळ्यांतून घाण येत नाही, हगवण नसते. बहुधा पिल्लांना आधी होतो आणि पिणाऱ्या पिल्लाकडून आईच्या सडाला लागतो. तीन-चार आठवड्यांत खपल्या गळून पडतात. पीपीआरमध्ये पहिली गोष्ट म्हणजे ताप आणि मरगळ, एकीला नव्हे, अनेकींना. मग नाक, डोळे, तोंड आणि शेवटी पोट. म्हणून ओठावर खपली दिसली की बघायचे ते त्या बकरीकडे नव्हे, तिच्या शेजारणींकडे. एक सावधगिरी मात्र माव्याचीही. तो माणसाच्या हाताला लागतो. धार काढणाऱ्या बाईच्या बोटावर टपोरा, दुखरा फोड येतो आणि आठवडेच्या आठवडे राहतो. माझ्या अंगठ्यावर तसा एक येऊन गेला आहे.

बकरीला गरिबाची गाय म्हणतात. ते भाषणात वापरून वापरून गुळगुळीत झाले आहे, पण हिशेबाने पाहा. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात १४ कोटी ८९ लाखांच्या आसपास बकऱ्या मोजल्या गेल्या, त्यातल्या एक कोटी सहा लाख महाराष्ट्रात. यांतल्या बहुतेक दोन-दोन, चार-चारच्या हिशेबाने कोणाच्या तरी दाराशी बांधलेल्या. कपाशीचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि त्यातला बराचसा आधीच देणे झालेला असतो. मधल्या दिवसांत मुलीची फी, म्हाताऱ्याचे औषध, लग्नाचा आहेर यासाठी जे विकता येते ते बोकड. मी स्वतः मॅट्रिकची फी कशातून भरली हे मला माहीत आहे. त्याला एक कान पांढरा होता.

माझ्या आईकडे पाच बकऱ्या होत्या. ती निरक्षर होती, पण सकाळी कोठ्याचे दार उघडताना जे ती करायची ते मी पुढे पशुवैद्यक महाविद्यालयात पैसे भरून शिकलो. आधी दारातच उभी राही. कोण उठते, कोण उठत नाही. कोणाचे कान पडले, कोणाची शेपटी खाली. मग जमिनीकडे : लेंड्या सुट्या, गोल, काळ्या आहेत की एकमेकींना चिकटून आल्यात. मग पाठीवरून हात. केस उभे राहिले, चमक गेली, की तिचा हात थांबे. मळलेली कणीक आणि वाळलेली कणीक यांत फरक असतो तसा तो फरक, असे ती सांगे. निरोगी बकरी मिनिटाला एक-दोनदा कोठीपोट हलवते. डाव्या कुशीत मूठ दाबून धरली की ते मुठीला ढकलते. हे मला तिने सहा-सात वर्षांचा असताना दाखवले होते.

थर्मामीटरचे तेवढे तिला ठाऊक नव्हते. बकरीचे तापमान १०२ ते १०३.५ अंश फॅरनहाइट असते. अकोल्याच्या उन्हाळ्यात भर दुपारी ते १०४ दिसले तरी घाबरायचे नाही, सावलीत बांधून संध्याकाळी पुन्हा बघायचे. पण हिवाळ्याच्या सकाळी १०४.५ असेल तर ते दुखणेच. गुदद्वारात लावायचा साधा थर्मामीटर औषधाच्या दुकानात मिळतो आणि बकऱ्या पाळणाऱ्या प्रत्येक घरात तो असावा असे माझे मत आहे. मोबाईल आहे तर थर्मामीटर का नको?

आता खाजेकडे येतो. वऱ्हाडात खाजेचा हंगाम ठरलेला आहे. दिवाळीनंतर थंडी पडते, केस वाढतात, बकऱ्या रात्री एकमेकींना चिकटून बसतात. त्यातच उलंगवाडी येते. कपाशीची शेवटची वेचणी झाली, पऱ्हाटी उभी राहिली, की वावरे चराईला मोकळी होतात आणि गावभरच्या बकऱ्या एका धुऱ्यावर एकत्र येतात. चारा मिळतो, आणि शेजाऱ्याच्या बकरीच्या उवाही मिळतात.

खाजवणारी बकरी दिसली की सगळे एकच औषध शोधतात. पण खाज कोणाची ते पाहायला पाच मिनिटे आणि सकाळचे कोवळे ऊन पुरते. मानेवर, खांद्यावर, पाठीच्या कण्याशी केस बोटांनी विंचरून फाका. किडे हलताना दिसले, केसाच्या मुळाशी लिखा चिकटलेल्या दिसल्या तर त्या उवा. त्यातही दोन जाती. पिवळसर तपकिरी, चपट्या, भराभर पळणाऱ्या त्या कातडीचा कोंडा आणि केस कुरतडणाऱ्या. निळसर करड्या, एका जागी सोंड रोवून बसलेल्या त्या रक्त पिणाऱ्या. हा भेद पुस्तकी वाटेल, पण खिशाला लागतो. कारण टोचणीचे औषध रक्तातून जाते आणि रक्त पिणाऱ्यांनाच नीट पोहोचते. कुरतडणाऱ्यांवर ते निम्मेच चालते. तिथे अंगाला लावायचे औषधच हवे.

किडा दिसत नाही, पण डोळ्यांभोवती, कानांच्या कडांना, नाकाडावर केस गेलेत, कातडी जाड, सुरकुतलेली, राखाडी झाली आहे, बकरी भिंतीला तोंड घासून रक्त काढते, ही खरूज. तिचा किडा कातडीत बीळ करून राहतो, भिंगाशिवाय दिसायचा नाही. आधी तोंड, मग काखा, जांघा, छाती. उवांनी बकरी अशक्त होते; खरजेने ती खाणे सोडते, कारण तिला खाजवण्यातून सवड मिळत नाही. गाभण असेल तर पिल्लू अशक्त येते. ती माणसाच्या हातांनाही काही दिवस खाज देते.

गोल रुपयाएवढे चट्टे, वर राखेसारखा थर आणि खाज बेताची, तर गजकर्ण. हे घरातल्या पोरांच्या दंडांवर आधी दिसते, मग कोणी बकरीकडे पाहते. आणि किडा नाही, चट्टा नाही, नुसताच कोंडा, केस भुरकट, नाकाडाभोवती आणि पायांवर कातडी फुटलेली, खुरे ठिसूळ, असे असेल तर शंका जस्ताची. आपली काळी, चुनखडीची जमीन पिकाला जस्त सहज सोडत नाही. जे पिकात नाही ते कुटारात नाही, आणि तुरीच्या-हरभऱ्याच्या कुटारावर चार महिने काढणाऱ्या बकरीच्या अंगावर ते उमटते. त्याला खरजेचे औषध लावून काय होणार? क्षार मिश्रण द्यावे लागते. मी असे चट्टे खरूज समजून टोचत राहिलो आहे. एकदा नव्हे.

औषधांविषयी थोडे सांगितलेच पाहिजे. खरजेवर आणि जंतांवर जे आयव्हरमेक्टिन आज प्रत्येक तालुक्यात मिळते, त्याचा मूळ जीवाणू जपानमधल्या एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीत सातोशी ओमुरा यांना सापडला. त्यांना आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चे नोबेल मिळाले. इतके चांगले औषध आपण दोन चुकांनी वाया घालवतो. एक, खाजणाऱ्या एकट्या बकरीला देतो, कळपाला नाही. दोन, एकदाच देतो. अंडी औषधाने मरत नाहीत. पुढच्या दहा-बारा दिवसांत फुटतात आणि नवी फळी उभी राहते. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा. त्याच दिवशी कोठ्यातली वरची माती काढायची, भिंतींच्या भेगा लिंपायच्या, चुना मारायचा. मात्रा वजनावर, डॉक्टरांना विचारून. आणि टोचल्यानंतर किती दिवस दूध घरात वापरायचे नाही तेही विचारून. गंधक करंजीच्या तेलात खलून लावणे ही जुनी रीतही थोड्या खरजेवर चालते, तिला मी हसत नाही. जळालेले इंजिन ऑइल चोपडणाऱ्यांना मात्र हात जोडतो. त्याने खरूज जाईल न जाईल, कातडी भाजते आणि बकरी ते चाटते.

पण त्याहून वाईट एक आहे, आणि ते कपाशीच्या मुलखाचेच आहे. इथे प्रत्येक घरात फवाऱ्याची बाटली असते. ती किडे मारते. उवा किडेच. एवढा सरळ हिशेब. एका हिवाळ्यात एका गावी मला रात्री बोलावले. पाच बकऱ्यांना उवा झाल्या म्हणून घरच्या तरुणाने उरलेले औषध बादलीत कालवून फडक्याने अंगाला पुसले होते. दोन तोवर गेल्या होत्या. तिसरी आडवी पडून पाय झाडत होती, तोंडातून लाळेची धार, डोळ्यांची बाहुली टाचणीएवढी. अॅट्रोपीन होते तेवढे तिला दिले, ती जगली. चौथी, पाचवी साबणाच्या पाण्याने धुऊन काढली. पुसणाऱ्या तरुणाचे हात थरथरत होते. मला आधी वाटले घाबरला आहे. मग लक्षात आले, त्यानेही ते नुसत्या हातांनीच पुसले होते. त्याला त्याच जीपमध्ये घालून सरकारी रुग्णालयात नेले. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले तेव्हा मला तोच तरुण आठवला. घरावरून सांगायचे तर, पिकाची बाटली आणि जनावराची बाटली एका फळीवरही ठेवू नये.

कातडीवर न दिसणाऱ्या दुखण्यात पहिले जंत. पावसाळा संपताना बकरीच्या जबड्याखाली मऊ सूज येते, लोक त्याला गळू समजून डाग देतात. गळू असेल तर ते कानाखाली किंवा जबड्याच्या कोपऱ्यात टणक गाठ धरते आणि सकाळ-संध्याकाळ तेवढेच राहते. ही सूज वेगळी. बोटाने दाबली तर खळगा राहतो. मान खाली घालून दिवसभर चरली की संध्याकाळी वाढते आणि रात्रीतून ओसरते. रक्त इतके पातळ झाले आहे की पाणी खाली उतरते, असा तिचा अर्थ. रक्त पिणारा एक बारीक जंत चौथ्या पोटात हजारांनी बसलेला असतो. एक जंत रोज पाच शतांश मिलिलिटर रक्त घेतो असे धरतात. हजार असले की पन्नास मिलिलिटर. वीस-पंचवीस किलोची बकरी ते किती दिवस पुरवणार?

ते सूज येण्याआधी कळते. खालची पापणी अंगठ्याने ओढून आतला रंग पाहायचा. लालगुलाबी असेल तर ठीक. फिकट गुलाबी असेल तर लक्ष ठेवायचे. पांढरी असेल तर आजच औषध. दक्षिण आफ्रिकेत फाफा मलान नावाच्या पशुवैद्यकाने याच गोष्टीचा पाच रंगांचा तक्ता केला आणि तो ‘फामाचा’ म्हणून त्याच्याच नावाने जगभर गेला. त्यामागचा विचार मला फार आवडतो. सगळ्या कळपाला दर महिन्याला जंतांचे औषध पाजू नका, ज्या फिकट आहेत त्यांनाच पाजा. कारण सरसकट पाजत गेलात तर औषधाला न जुमानणारे जंतच उरतात. आमच्या भागात ते होऊ लागले आहे. लोक सांगतात, ‘ते पांढरं औषध आता लागू होत नाही’. शिवाय बकरीचे शरीर ही औषधे मेंढीपेक्षा लवकर निकाली काढते, आणि आपण मेंढीच्या मात्रेत, तेही अंदाजाने, पाजतो. नुकत्याच गाभण राहिलेल्या बकरीला काही जंतनाशके चालत नाहीत, तेवढे विचारून घ्यावे. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, तालुक्यांना दवाखाने आहेत. चार-सहा लेंड्या डबीत घालून नेल्या तर सूक्ष्मदर्शकाखाली अंडी दिसतात. माणसाची थुंकी तपासायला नेतो, तसेच हे.

खुरांचे थोडक्यात. पातूरकडच्या मुरमाड टेकड्यांत चरणाऱ्या बकरीची खुरे आपोआप झिजतात. पूर्णाखोऱ्यातल्या लोण्यासारख्या काळ्या जमिनीत ती वाढून चपलेसारखी वळतात, बेचक्यात चिखलाचा गोळा अडकतो, कातडी सडते, बकरी तीन पायांवर चालते. खुरे तासा, बेचके धुवा, मोरचुदाच्या पाण्यात पाय बुडवा. पण एकाच वेळी तोंडातही फोड असतील आणि चार-सहा जनावरे लंगडत असतील तर तो चिखल नव्हे, लाळ्या खुरकूत. तेव्हा मोरचूद शोधत बसू नका.

मला विचाराल तर या सगळ्यात अवघड काय? ज्ञान नव्हे. बकरी सांभाळते बाई आणि दवाखान्यात येतो पुरुष. तो सांगतो, “खात नाही.” कधीपासून? “दोन-तीन दिस झाले असतीन.” लेंडी कशी? माहीत नाही. रवंथ? माहीत नाही. जिला माहीत आहे ती घरी भाकरी थापते आहे किंवा निंदणाला गेली आहे. आणि क्वचित ती स्वतः आली, त्या म्हातारीसारखी चार कोस चालून आली, तर डॉक्टर म्हशीकडे बघत असतो. मी नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत एक नियम केला होता : बकरीसाठी कोणी आले की आधी विचारायचे, हिला चारा कोण टाकते? तिच्याशी बोलणे करून द्या. मोबाईल आल्यावर ते सोपे झाले. माझे सहकारी हसत. पण पलीकडून दोन मिनिटांत जे कळे ते तपासून अर्ध्या तासात कळत नसे. आता १९६२ या क्रमांकावर फोन केला की फिरते पथक मिळण्याची सोय झाली आहे. तो फोन तिने करावा.

बाजारातून आणलेली बकरी तीन आठवडे वेगळी बांधा, हे तर मी इतक्यांदा सांगितले आहे की घरचे मला चिडवतात. लग्न होऊन आलेल्या सुनेला आल्या दिवशी चुलीशी नेतात, बकरीला तसे नेऊ नका. वेगळे पाणी, वेगळे कुटार, आणि तिच्याकडे सगळ्यात शेवटी जायचे.

मागच्या महिन्यात पातूर तालुक्यातल्या एका ओळखीच्या घरी गेलो होतो. सून मला मागच्या दारी घेऊन गेली. दीड महिन्याचे एक पिल्लू तिने डालग्याखाली वेगळे झाकून ठेवले होते. ओठांवर खपल्या. “मावा हाय का हो, बाबाजी? किरकोळच असंन.” मी पिल्लाचे तोंड उघडून वास घेतला, हिरड्या पाहिल्या. नाक कोरडे, शेपटीखाली स्वच्छ. थर्मामीटर लावला, १०२.८. हातमोजे घालून तोंड धुवायला सांगितले, तिच्या बोटांना चीर नाही ना ते पाहिले. मावाच होता. मग मी निंबाखाली बाजेवर बसलो. चहा झाला. दादल्याने दोनदा घड्याळ दाखवले, बारा वाजताची बस निघून जाईल म्हणाला. जाऊ दे म्हटले. समोर सहा बकऱ्या चरून आल्या होत्या. एकेक करून त्या खाली बसत गेल्या आणि जबडे हलू लागले. एक, दोन, चार, पाच. सहावी, तुटक्या शिंगाची, बराच वेळ उभीच होती. साडेबाराच्या सुमाराला तीही बसली, मान जरा वर करून गिळल्यासारखे केले आणि रवंथ सुरू केला. मग मी चपला शोधल्या.